गाडी पाहायला गेलो तो दिवस

नागपूर
ता. ६ जानेवारी २०१४

आदरणीय दादा व वहिनी यांस,
राजदीपचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचे पत्र व वहिनींनी पाठवलेल्या वड्या पोचल्या. वड्या बंटीने दोन दिवसांत संपवल्या. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की आमच्या बिल्डिंगमधले लोक भांडण समजतात, म्हणून कागदच बरा.

एका कामात तुमचा सल्ला पाहिजे. आमची छोटी गाडी आता नऊ वर्षांची झाली. बंटीचे पाय मागच्या सीटवर मावत नाहीत आणि गावाकडच्या रस्त्याला गाडीचे पोट घासते. म्हणून थोडी उंच, घरातले सगळे बसतील अशी गाडी घ्यायचे चालले आहे. रश्मीचे म्हणणे, घ्यायची तर नवीनच घ्यावी. वापरलेल्या गाडीत पहिल्या मालकाने काय काय केले ते आपल्याला थोडेच माहीत असते. मला वाटते, दोन-तीन वर्षांची चांगली मिळाली तर मोठी गाडी परवडेल. ऑफिसातले लोक असे काही घ्यायचे झाले की इंटरनेटवर पाहतात. माझे इंटरनेट आमगावला राहते आणि एकतीस वर्षे सरकारी जीप चालवून मागच्या साली रिटायर झाले आहे. तर काय ते कळवावे.

वहिनींचा खोकला कसा आहे? औषध अर्ध्यात सोडू नये. पत्र येत राहावे, माया राहू द्यावी.

आपला,
राजदीप


आमगाव
ता. १३ जानेवारी २०१४

चि. राजदीप यास,
दादाचा जयभीम व अनेक शुभेच्छा. वि. वि.

पत्र वाचले. तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवले. तिने विचारले की उंच गाडीत चढायला स्टूल पण संगं मिळते काय. तू म्हणतोस ती गाडी मी गोंदियात पाहिली आहे. ती ना जीप ना कार. नवरदेवाने वर कोट आणि खाली लुंगी घालावी तसे दिसते. पण इंजिन बरे आहे आणि बसायला जागा आहे.

माझे मत वापरलेलीच घ्यावी. मात्र पाहायची रीत असते. गाडी नेहमी थंड असताना पाहावी. गेल्याबरोबर चावी मागायची नाही, आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागले तर समजायचे, आपण यायच्या आधी कोणीतरी तिला चालू करून ठेवले आहे. थंडीत उठायला ती त्रास देत असेल आणि ते लपवायचे असेल. मीटरवर भरोसा ठेवायचा नाही. मीटर मागे नेता येते. ब्रेकच्या पॅडलचे रबर पाहायचे. तीस हजार चाललेल्या गाडीचे रबर गुळगुळीत होत नाही.

गोंदियाच्या एका मिस्त्रीने सांगितले, दुलीचंद सेठ म्हणून राइस मिलवाले आहेत, त्यांना दोन वर्षांची गाडी विकायची आहे. तुला सुट्टी केव्हा आहे ते लिही. तू नागपूरहून ये, मी पॅसेंजरने गोंदियाला येतो. एकट्याने पाहायला जाऊ नको. तू शिकलेला माणूस, तुला लोक रंग दाखवतील.

रश्मीला व बंटीला जयभीम. येताना स्वेटर घाल. आमची आठवण ठेव म्हणून लिहायची तुला गरज नाही, तरी लिहितो.

तुझा दादा,
देवाजी


नागपूर
ता. २८ जानेवारी २०१४

आदरणीय दादा,
सप्रेम जयभीम. वि. वि.

शनिवारी रात्री सुखरूप पोचलो. तिरोड्याच्या पुढे थोडे धुके होते. वहिनींनी पाठवलेला चिन्नोर तांदूळ रश्मीने लगेच लावला. सगळा मजला वासाने भरला.

त्या दिवशी गडबडच झाली. आमगावला येऊन जायचे मनात होते, पण मिलमधून निघायलाच उशीर झाला आणि दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला हजर राहणे भाग होते. तुम्हाला स्टेशनवर सोडून तसाच निघालो. तुम्ही पॅसेंजरसाठी किती वेळ बसलात ते समजले नाही. थंडी होती. मफलर होता ना?

गाडीबद्दल तुमचे मत राहून गेले. रंग चांगला आहे, सीटा स्वच्छ आहेत, सेठ माणूस बोलायला बरा वाटला. त्यांचा दोनदा फोन येऊन गेला. घ्यावी की नाही, ते तुम्ही लिहाल तसे करीन. वाटेत तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून विचारतो.

वहिनींना नमस्कार. पत्राची वाट पाहतो.

आपला,
राजदीप


आमगाव
ता. ३ फेब्रुवारी २०१४

चि. राजदीप यास,
जयभीम. वि. वि.

मफलर होता. पॅसेंजर पावणेदोन तास लेट होती.

दुलीचंद सेठची गाडी घेऊ नये. बॉनेट गरम होते. ब्रेकचे रबर पार गुळगुळीत झाले आहे आणि मीटर अठ्ठावीस हजार दाखवते. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराचा रंग बाकी रंगापेक्षा नवा आहे, म्हणजे एकदा ठोकली गेली आहे. सेठला नाही म्हणून कळव. कारण सांगत बसू नको.

विचार केला तर रश्मीचे बरोबर आहे. नवीन घ्या. नव्या गाडीला माझ्यासारख्या माणसाची गरज लागत नाही, शोरूमवाले सगळे समजावून सांगतात. मला नागपूरला येणे जमणार नाही, गुडघा दुखतो.

बंटीचा अभ्यास पाहत जा.

देवाजी


आमगाव
ता. ९ फेब्रुवारी २०१४

राजदीप भाऊजींस,
पार्वताबाईचा जयभीम.

मी पत्र लिहून राहिली हे यांना माहीत नाही. ते धानाच्या बांधीवर गेले आहेत. माझ्या अक्षराला हसू नका, सातवीपर्यंतच शिकली आहे.

यांचा गुडघा दुखत नाही. परवा सायकलवर नागरा गावाच्या जवळ मामाच्या घरी जाऊन आले. गुडघ्याचं खोटं आहे.

बाजारात मला केशोराव भेटला. आपल्याच मोहल्ल्यातला आहे, पण तुम्ही शिकायला गेल्यावर तो इथं राहायला आला, तुम्हाला ओळखत नाही. तो गोंदियात त्या दुलीचंद सेठच्या मिलमध्ये चौकीदार आहे, रोज पॅसेंजरने जाते येते. भाजीच्या दुकानापाशी चार लोकांसमोर म्हणते, वहिनीबाई, देवाजीभाऊ आता या वयात पुन्हा नोकरीला काऊन लागले, पेन्शन पुरत नाही का. मी म्हटलं, कायची नोकरी. तर म्हणते, नागपूरच्या साहेबाची गाडी घेऊन आले होते ना आमच्या मिलमध्ये. साहेब आत बसले होते, देवाजीभाऊ माझ्या खाटेवर बसून चहा प्याले. मी त्यांना विचारलं, नवीन नोकरी काय, तर ते हो म्हणाले.

मी घरी येऊन यांना विचारलं. ते म्हणाले, केशोरावला काही समजत नाही. मग जेवलेच नाहीत. मी काही बुद्धू नाही भाऊजी. माझा माणूस एकतीस वर्षांत खोटं बोलला तर साहेब लोकांसाठी बोलला, स्वतःसाठी नाही बोलला. ते हो काऊन म्हणाले ते तुम्हालाच माहीत असेल.

तुमच्यासंगं जायचं म्हणून नवीन पांढरा शर्ट घालून गेले होते. आदल्या दिवशी दोनदा इस्त्री केली, मला करू दिली नाही. तो शर्ट आता पेटीत तळाशी ठेवला आहे.

तुम्हाला लहानपणी मी जेवू घातलं आहे, म्हणून विचारते. काय झालं ते मला नका सांगू, यांना लिहा. रश्मीला व बंटीला आशीर्वाद.

पार्वताबाई


नागपूर
ता. १६ फेब्रुवारी २०१४

आदरणीय दादा,
सप्रेम जयभीम.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडले. वहिनींवर रागावू नका, त्यांनी मला लिहिले म्हणून हे लिहायचे धैर्य आले. नाहीतर मी अजूनही सीटा स्वच्छ आहेत असेच लिहीत बसलो असतो.

स्टेशनवर तुम्ही तांदळाचे पोते घेऊन उभे होतात. डिकीत ठेवू म्हटले तर तुम्ही म्हणालात, पेट्रोलचा वास लागेल, पुढेच ठेव. पोते पुढच्या सीटवर ठेवले. गोंदियाच्या गर्दीत तू चालवू नको म्हणून चावी तुम्ही घेतली. मी मागे बसलो. ऑफिसच्या गाडीत रोज मागेच बसतो, त्यामुळे मला काही वेगळे वाटलेच नाही. मिलच्या फाटकातून आपण आत गेलो ते तसे. तुम्ही पांढऱ्या शर्टात चालवत होतात आणि मी मागे.

तुम्ही गाडी तपासत असताना सेठ मला केबिनमध्ये घेऊन गेले. काजू, चहा आला. ते खिडकीतून तुमच्याकडे पाहत होते. तुम्ही बॉनेटवर हात ठेवला, खाली वाकून पॅडल पाहिले. त्यांना हसू आले. ते म्हणाले, "साहब, ड्राइवर तो पक्का रखा है आपने. कितने साल से है?"

तेव्हा मी दोनच शब्द बोललो असतो तर पुरले असते. मोठे भाऊ. तेही जड गेले. मी म्हणालो, "बहुत साल से है."

आहेत असेही म्हणालो नाही, दादा. है म्हणालो.

मान वर केली तेव्हा तुम्ही दारात होतात, चपला बाहेर काढून. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की तुम्हाला कमी ऐकू येते. तुमच्या कानांचा मला आधार वाटला. मग तुम्ही म्हणालात, "साहेब, गाडी पाहून झाली. मी बाहेर थांबतो." तुम्ही मला साहेब म्हणालात आणि सेठने मान हलवली, आणि मी तो चहा पूर्ण प्यालो.

कारण शोधतो आहे, पण सापडत नाही. सेठ मोठा माणूस आहे असेही नाही. माझे त्याच्याशी काही काम नव्हते. उगीच, एका अनोळखी माणसासमोर थोडे उंच दिसायला मी तुम्हाला खाली उतरवले. माझ्या इंजिनिअरिंगची फी ज्या जीपच्या पगारातून गेली, त्या जीपची मला लाज वाटली.

रश्मीला काल सांगितले. ती म्हणाली की आता गाडी नवीन की जुनी हे तिला विचारू नये.

गाडी घेणार नाही. सेठकडे जाऊन खरे सांगून येईन. तुम्ही म्हणाल ते करीन. माया ठेवा असे लिहायचा हक्क राहिला नाही, पण पत्र तरी पाठवा.

तुमचा,
राजदीप


आमगाव
ता. २३ फेब्रुवारी २०१४

चि. राजदीप यास,
दादाचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळाले. तुझ्या वहिनीवर रागावलो नाही. तिच्यावर रागावून मला या घरात राहता येणार नाही.

मला ऐकू आले होते. इंजिनच्या आवाजाने माझे कान गेले, पण माणसाचे बोलणे दोन हात अंतरावरून समजते. वाईट वाटले. अजून वाटते. ते नाही म्हणून मी लिहिणार नाही, तू पण तशी अपेक्षा ठेवू नको.

पण एक गोष्ट या महिन्यात माझ्या डोक्यात येऊन राहिली आहे, ती तुला सांगतो. तू पहिल्या वर्षाला होतास तेव्हा मी साहेबांना घेऊन नागपूरला आलो होतो. तुझ्या वहिनीने डबा दिला होता. तुझ्या हॉस्टेलच्या दारात रेक्टरने मला विचारले, तुम्ही कोण. मी खाकी कपड्यांत होतो. तुझे मित्र पायऱ्यांवर उभे होते. मी म्हटले, यांच्या मोठ्या भावाने डबा पाठवला आहे, मी ड्रायव्हर आहे. तू तिथेच होतास. तू खाली पाहिले. मला बरे वाटले की पोराला समजले, मी त्याची इज्जत राखली. जाताना जीपमध्ये मी खुशीत होतो.

तुला अठरावे वर्ष होते. तुला कोणी तरी सांगायला पाहिजे होते की असे करत नसतात. सांगायचे मी होतो, आणि मीच तुला ते करून दाखवले. मिलमध्ये साहेब हा शब्द माझ्या तोंडून एका झटक्यात निघाला, तो काही त्या दिवशीचा नव्हता. मग केशोरावने विचारले तेव्हा पण हो म्हणून गेलो. तिथे तर सेठ ऐकत नव्हता, तू ऐकत नव्हतास. तरी म्हटले.

दुलीचंद सेठकडे जायची गरज नाही. तो आपला कोण? त्याला खरे सांगून तुझेच मन हलके होईल. त्याच्यासाठी तितका पेट्रोलचा खर्च करू नको. गाडी घे. घरात माणसे आहेत, लहानशा गाडीत किती दिवस कोंबशील? नवीन घ्यायची की जुनी, ते पाहायला मी येईन, पण त्याआधी एक काम आहे.

येत्या शनिवारी तू इकडे ये. गाडी आणू नको, रेल्वेने ये. केशोराव संध्याकाळच्या पॅसेंजरने उतरते, फलाटावर पाच-दहा मिनिटे सगळ्यांशी बोलत राहते, मग घरी जाते. आपल्या मोहल्ल्याचे बरेच लोक त्या गाडीला असतात. आपण दोघे तिथे उभे राहू. तू कोण आहेस ते तू सांग, सगळ्यांसमोर सांग. मी मध्ये बोलणार नाही आणि तुला सोडवणार पण नाही. तुझे सांगून झाले की मग मी त्याला सांगीन की मी खोटे बोललो होतो. मला पण लाज वाटून राहिली आहे, तिथे जाऊन उभे राहायचे म्हणून. पण दोघे असलो तर जमेल असे वाटते.

पोचायची वेळ कळव. मी स्टेशनवर असेन.

तुझा मोठा भाऊ,
देवाजी