न संपणारा टँगो आणि मामांचा फोन

हौकिलाम्पी,
युहानुसच्या उन्हाळी सणानंतरचा मंगळवार

आदरणीय तोइवोमामा,

आधी मनगटाची चौकशी. प्लास्टर कोरडं आहे ना? (सौनात जाताना त्यावर पिशवी बांधा, आणि पिशवीला भोक नाही ना, ते आधी तिच्यात पाणी भरून बघा.) बरं वाटेपर्यंत तुम्हाला ठेवून घेणाऱ्या आइलामावशीला नमस्कार सांगा. इकडे आई बरी आहे, बटाटे वर आले आहेत. तुमचा अकॉर्डियन मी खिडकीपासून लांब, पण चुलीपासूनही लांब ठेवला आहे. त्यामुळे सध्या तो स्वयंपाकघराच्या मधोमध असतो आणि आई त्याला रोज अडखळते.

शनिवारी नाचाच्या वेळी तुम्ही फोन केलात आणि मी उचलला नाही. नंतर मी केला तेव्हा तुम्ही उचलला नाहीत, ते योग्यच झालं. पण मावशी सांगते की तुम्ही म्हणालात, ‘त्याला आता यंत्र मिळालंय, मामा कशाला हवाय.’ हे ऐकून मी कालपासून एका जागी बसलेलो नाही. (हे पत्रसुद्धा निम्मं उभ्यानेच लिहितो आहे.) तुम्ही पत्र न वाचता टाकत नाही, जाहिरातीसुद्धा दोनदा वाचता, म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

तुम्ही धक्क्यावर घसरलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी नाच-मंडपाचा ऐमो आमच्या दारात उभा राहिला. युहानुसला आपल्या मंडपात संगीत नसेल तर लोक तळ्यापलीकडच्या मंडपात जातील, आणि एकदा गेले की गेले, असं त्याचं म्हणणं. ‘तुझ्याकडे फोन आहे ना? त्यात असतं म्हणे सगळं,’ असं म्हणून तो कॉफीसुद्धा न घेता गेला. मी नववीनंतर शाळा सोडलेला माणूस, लाकडाच्या गिरणीत फळ्या मोजतो. पण एकदा काम घेतलं की मी नीट करतो, हे तुम्हाला माहीत आहे.

पहिल्यांदा इंटरनेटवर एक फुकट ऐकायची जागा सापडली. टँगो छान होते, पण दोन गाण्यांच्या मध्ये मैल्याची टाकी उपसून देणाऱ्यांची जाहिरात लागायची. मी ऐमोला रिकाम्या मंडपात बोलावून चाचणी घेतली. त्याने कॉफीच्या टपरीवरच्या रौनीबाईंना नाचायला घेतलं. टँगो झाला, जाहिरात लागली, दोघं तिच्या चालीवरही नाचले, आणि ती संपताच ऐमोने वाकून बाईंना बाकावर नेऊन बसवलं. रिवाजाप्रमाणे एका जोडीदाराबरोबर दोन गाणी झाली, जोडी पूर्ण! मी म्हटलं, ‘ऐमो, दुसरं गाणं नव्हतं, जाहिरात होती.’ तो म्हणाला, ‘चाल बरी होती की!’ रौनीबाई म्हणाल्या, ‘टँगोपेक्षा त्यातच तुझी पावलं नीट पडत होती.’

मग गाणी फोनवर उतरवून घ्यायची एक जागा मिळाली. मी तिथल्या अटी शेवटपर्यंत वाचल्या (त्या कोणी का वाचत नाही, ते मला कळलं) आणि बटण दाबलं. दोन टँगो आले. तिसरं म्हणून जे वॉल्ट्झ आलं त्यात एक शांत गृहस्थ होडीचं इंजिन कसं साफ करावं ते सांगत होते. चौथ्यानंतर माझा फोन माझ्याशी पोर्तुगीज बोलू लागला. शिवाय हे सगळं कायद्याला धरून आहे का, या विचाराने मला जेवण जाईना. शेवटी सगळं पुसलं आणि गाणी रीतसर विकत घेतली. मग दोन-दोनच्या जोड्या जुळवतो तर एका टँगोला जोडीदार नाही! एकटं गाणं वाजवून लोकांना अधांतरी ठेवायचं कसं? म्हणून कमी पडलेला टँगो मी स्वतः बनवला.

हसू नका. अशी एक जागा आहे की तिथे आपण नुसतं गुणगुणायचं, बाकीची वाद्यं ती घालते. मी सरपणाच्या खोपटात जाऊन गुणगुणलो. तिने विचारलं, गाणं कसं हवं: आनंदी, भव्य की समुद्रकिनाऱ्यावरचं? दुःखी पण सभ्य, असं त्यात काही नव्हतं. शेवटी ‘पाऊस’ निवडला. चाल चांगली उतरली. मी शेवट असा घासूनपुसून सुरुवातीशी जुळवला की गाणं परत लावलं तर सांधा कळू नये. ही सफाई कशाला केली, हे मला आता आठवत नाही, पण त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

युहानुसच्या संध्याकाळी मंडप भरला. डास होते, सॉसेज होते, सगळं ठीक चाललं होतं. कर्ण्यांना जोडलेला फोन माझ्या जाकिटात, जाकीट मंचामागच्या खुंटीवर. मग बायकांनी जोडीदार मागायची पाळी आली. मामा, मंचावर तुमच्यामागे उभा राहून मी इतके उन्हाळे काढले, मला कधी कोणी मागितलं नाही. शनिवारी मिल्याने मागितलं. (वसंतापासून रौनीबाईंच्या टपरीवर आहे ती. उंच, दिसायला जरा रागीट.) माझा टँगो सुरू झाला. संपला. आणि तोच परत सुरू झाला.

माझ्याखेरीज कोणालाच काही कळलं नाही. सगळ्यांना वाटलं, पहिलंच गाणं आहे, जरा लांब आहे. आता दुसरं गाणं संपल्याशिवाय जोडीदार सोडायचा नाही, आणि इथे पहिलंच संपेना. ऐमोला त्याच्या घटस्फोटित बायकोने मागितलं होतं, दोन गाण्यांत काय ते सुनावून घ्यावं म्हणून. तिचं सुनावून झालं, गाणं चालूच. मग तिने त्याला रक्तदाब विचारला. ऐमो घामाघूम होऊन आमच्याजवळून गेला.

‘काय रे यार्क्को, अजून पहिलंच का?’

‘पहिलंच.’

‘बापरे!’

मिल्याने विचारलं, ‘हे संपणार आहे का?’ मी म्हटलं, ‘जाऊन बंद करावं लागेल.’ ‘म्हणजे मला इथे मधेच उभी करून जाणार?’ ‘नाही.’ ‘मग झालं तर,’ म्हणाली आणि हात होता तिथेच ठेवला. मंडपात ते बंद करू शकणारा मी एकटा, आणि जोडीदाराला सोडून जाता न येणाऱ्यांतलाही मीच.

तेवढ्यात तुमचा फोन आला. टँगो थांबला आणि कर्ण्यांतून फोनची घंटी वाजू लागली. माझ्या फोनची घंटी कोणती, ते तुम्हाला माहीत नाही. आईच्या पन्नाशीला तुम्ही वाजवलेली पोल्का आहे ती, मागे कपबशा वाजतात तीच. सगळ्यांना वाटलं, सुटलो, दुसरं लागलं! टँगोच्या जोडीला पोल्का बसत नाही, पण त्या वेळी कोणी हरकत घेतली नाही. मी फोन उचलला असता तर दुसरं गाणं मधेच तुटलं असतं आणि सगळ्या मंडपाने तुमचं नेहमीचं ‘काय रे, मेलास का?’ ऐकलं असतं. तुम्ही नेहमीसारखा फोन पुष्कळ वेळ वाजू दिलात, देव तुमचं भलं करो. घंटी थांबली तेव्हा टँगो काही परत लागला नाही; पुरुष वाकले, बायका जागेवर पोचल्या, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. यंत्राला संध्याकाळभर कोणी टाळी दिली नव्हती, मामा. ती तुम्हालाच मिळाली. तेवढं कळवायचं होतं. मनगट लवकर बरं होवो.

पोल्का वाजवणाऱ्याचा भाचा,
यार्क्को

ता.क. तेच गाणं पुन्हा पुन्हा लागायचं बटण कसं दाबलं गेलं, याचा मी तीन दिवस छडा लावतो आहे. फोन जाकिटात ठेवण्याआधी मी फक्त मिल्याने आणलेली कॉफी घेण्यापुरता तो तिच्या हातात दिला होता. तिला विचारावं का, हे ठरत नाही.

ता.क. २. मनगटाची फार घाई करू नका. डॉक्टर म्हणतील त्याहून थोडं जास्तच जपा. तुम्ही आलात की मी परत मंचावर, तुमच्यामागे.

ता.क. ३. येत्या शनिवारीही नाच आहे. मिल्याने विचारलं आहे की ‘ती कपबशांची पोल्का’ लागेल का. तेव्हा बायकांच्या पाळीच्या सुमारास कृपया फोन करा. मी उचलणार नाही, राग मानू नका. आणि पुष्कळ वेळ वाजू देऊन ठेवलात की लगेच दुसऱ्यांदा करा. एकदाच केलात तर जोडी पूर्ण होणार नाही.