तुमच्या वहीतल्या हर्षूच्या सह्या

प्रिय बाबा,

आज सकाळी हर्षूनं तिसऱ्यांदा विचारलं, "ताई, बाबाची वही दिसली का गं?" आणि मी तिसऱ्यांदा "नाही" म्हणाले. तिच्या डोळ्यांत बघून. वही माझ्या कपाटात आहे, शालीच्या घडीत. रविवारी तुमचं वर्षश्राद्ध. तिला ती वही तुमच्या फोटोपुढे ठेवायची आहे आणि मला ती तिला द्यायची नाही. धाकट्या बहिणीशी मी अशी वागते, हे दुसऱ्या कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच लिहिते.

"बाबाची" म्हणते, बघा. मी जन्मभर तुम्हाला "अहो बाबा" म्हटलं. ती मात्र "ए बाबा"! आणि तुम्ही तिच्याच हाकेला आधी ओ द्यायचात.

माझी पहिली शाळा तुम्ही. तेव्हा हर्षू जन्मलीसुद्धा नव्हती. आई मासळी घेऊन बाजारात जायची आणि तुम्ही खाडीवरून येऊन आपल्या करावे गावातल्या घराच्या ओट्यावर जाळं दुरुस्त करायला बसायचात. चार गाठी मारून झाल्या की एक शब्द. वहीचा नियमही तुमचाच. आधी शब्द, मग अर्थ, मग आपण बनवलेलं वाक्य, आणि शेवटच्या रकान्यात शिकवणाऱ्याची सही. "सही न्हाय तर शब्द आपला न्हाय, बाय. चोरीचा हाय तो." माझ्या वहीत पानं भरून तुमच्या सह्या होत्या. मला वाटायचं, जगात हा खेळ फक्त आपल्या दोघांचा.

तुम्ही गेल्यावर जाळ्याच्या पिशवीत मला ही वही सापडली. तेच चार रकाने, तुमचं तेच गोल अक्षर. आणि शेवटच्या रकान्यात पानामागून पान हर्षूची सही, प्रत्येक सहीखाली हसरा चेहरा!

कॅप. टोपी न्हाय, खोटं. वाक्य: हर्षू अभ्यास झाला म्हनते ती कॅप हाय.

टी. चहा न्हाय, दुसऱ्याच्या घरची खबर. वाक्य: तुजी मावशी आली की टी घेऊनच येते.

सॉल्टी. सुका बोंबील न्हाय, मनात जळनारा मानूस. इथे वाक्य लिहायचं राहिलंय. आज ते मी लिहू शकेन, नाही का?

एकदा मी स्वयंपाकघराच्या दाराशी आले तेव्हा तुमची शिकवणी चालू होती. "ए बाबा, सिक्स-सेवन म्हणजे काय, सांग." "सदुसष्ट." "नाही! त्याला अर्थच नाही." "मंग शिकवतेस कशाला, येडे?" "अर्थ नाही म्हणून तर मजा!" तुम्ही दोघं पोट धरून हसत होतात. मी आत आले आणि दोघंही गप्प झालात, वर्गात बाई आल्यासारखे. मी फक्त पाणी प्यायला आले होते हो! वहीत त्या आकड्यापुढे तुम्ही लिहिलंय, "अर्थ काय न्हाय. हसायचं."

मला का नाही विचारलंत कधी? इंग्रजी शाळेत मी शिकले, ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर इंग्रजीतच बोलते. एकही शब्द माझ्याकडून घ्यावासा वाटला नाही?

याचं उत्तर मला माहीत आहे, आणि आज ते लिहूनच टाकते. ऑफिसच्या पहिल्या दिवशी मी गळ्यात ओळखपत्र घातलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. तुम्ही लिहिलंत, "आमची बाय फायर!" मी लगेच उत्तर दिलं, "बाबा, ऑफिसात फायर म्हणजे नोकरीवरून काढणं. नीट माहीत नसलेले शब्द वापरू नका." तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. हर्षूच्या भाषेत फायर म्हणजे एकदम झकास. पण शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं स्क्रीन पाहिली तर काय म्हणेल, या भीतीनं मी तुम्हाला शिकवायला गेले. तुम्ही अंगठा पाठवलात. त्यानंतर माझ्या एकाही फोटोखाली तुम्ही काही लिहिलं नाहीत.

वहीच्या शेवटून दुसऱ्या पानावर आकडा आहे. १४३. आय लव्ह यू, इंग्रजी अक्षरं मोजायची. सही हर्षूची. वाक्याच्या जागी पेन्सिलीनं लिहिलंय, "बायला पाठवू?" आणि त्याच्या खाली, "नको. चूक काढेल."

या एका ओळीसाठी मी वही लपवली, बाबा. हर्षूचा हेवा वाटतो म्हणून लपवली असं मी स्वतःला वर्षभर सांगत होते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. ही ओळ कुणी वाचू नये, एवढंच मला हवं होतं. हर्षूनं वाचली असेल का? वाचली असेल तर वर्षभरात तिनं मला एका शब्दानं टोचलं नाही. तिच्या जागी मी असते तर? तिच्या त्या मोकळ्या मनाचाही मला हेवा वाटतो!

ती संध्याकाळी कॉलेजातून येईल. रविवारपर्यंत थांबणार नाही, आजच वही तिच्या हातात देईन. तीनदा खोटं बोलले, हेही सांगेन. "कॅप!" म्हणून ओरडेल, ओरडू दे. मग मी आणलेली नवी वही उघडेन. चार रकाने आखून ठेवलेत. तिला म्हणेन, बस, शिकव मला. आणि ती चुकली तरी मध्ये बोलणार नाही. हा माझा शब्द.

तो तीन आकड्यांचा शब्द मला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पण माझ्या वहीत त्याच्यापुढे अजून कुणाची सही नाही, म्हणून आज तो तुम्हाला पाठवत नाही. आधी हर्षूची सही घेते.

तुमची,
बाय