पंगत मी घेतली, आक्का

निमगाव सावा,
रविवार, दुपार

तीर्थरूप आक्कास धाकट्या भिमाजीचा वाकून नमस्कार. तू पाय मागे घेतले असशील तर तो जमिनीला पोचला असं समज.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा बांधतेस, की म्हशीच्या गळ्यात बांधलास? आम्ही इकडे ठीक. तुझी भावजय साळुबाई खुशाल आहे, म्हणजे बोलते आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र दुधाच्या टेम्पोबरोबर कळंबला पाठवतो. चष्मा लावायचा तुला कंटाळा, तेव्हा पत्र सूनबाईच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. (वैष्णवी बाळ, जे जे कंसात असेल ते मनातल्या मनात वाच. आत्याबाईंना फक्त कंसाबाहेरचं ऐकव.)

तर आक्का, तुझ्या हुकमाप्रमाणे काल मी नारायणगावला जाऊन आलो. आपली अक्षदा दर शनिवारी कॉलेज सुटल्यावर कुठे जाते, तिथे काय चालतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ये आणि पोरीला हाताला धरून घरी आण, असा तुझा निरोप होता. त्यातलं अर्धं काम झालं आहे. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं ते सांगतो, पण आधी शांतपणे बस आणि हातात लाटणं असेल तर खाली ठेव.

श्रावणात सावळेरामनं तुला बातमी दिली, की भिमाजीची नात ख्रिस्ती लोकांच्या कार्यक्रमात टाळ्या वाजवताना दिसली. सावळेराम डेअरीवर दूध घालायला जातो की बातम्या, ते मला अजून कळलेलं नाही. तू लगेच जाहीर केलंस, की पोरगी तिथे जायची थांबत नाही तोवर माझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाहीस. शब्दाची पक्की, त्यामुळे भाऊबीजेलाही आली नाहीस. मी साडी घेऊन कळंबला आलो तर तू तासभर गोठ्यात बसून राहिलीस. (वैष्णवी, त्या दिवशीचा चहा फार चांगला झाला होता. साडी तिनं घडी मोडून बघितली का, तेवढं फक्त कळव.)

आता कालचं. तो हॉल म्हणजे कांद्याच्या एका आडतीवरचा मजला. जिन्यापासून कांद्याचा वास, त्यामुळे वर जाईपर्यंत माझे डोळे भरून आले आणि दारातल्या पोरीला वाटलं की आजोबांना आत्ताच भरून आलं. तिनं माझ्या छातीवर नावाची चिठ्ठी चिकटवली. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, बिल्ला लावायची सवय आहे, मी ती नीट दाबून घेतली. सवयीनं आधी डोकी मोजली: सत्तेचाळीस. सगळी चौदा ते सतराची. त्यांचा म्होरक्या योहान नावाचा नगरकडचा पोरगा, तिशीचा असेल, दाढी कोरलेली, मराठी तुझ्यामाझ्यापेक्षा शुद्ध. मी म्हटलं, मी तपासणीला आलोय. तो म्हणाला, “या की आजोबा, पुढं बसा.” आक्का, तपासणीला आलेल्या माणसाला इतक्या आनंदानं पुढं बसवलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

सुरुवातीला सगळ्यांनी गोल करून आपापलं नाव आणि आवडतं फळ सांगायचं. देवाच्या कामात फळाचा काय संबंध ते मी विचारलं नाही. माझी पाळी आली तेव्हा गोंधळून “भिमाजी, शेवगा” म्हणून बसलो. मग गाणी. एक पोरगा लाकडी खोक्यावर बसतो आणि तेच खोकं वाजवतो. खरं सांगायचं तर बरं वाजवतो, फक्त समेवर यायच्या आधी घाई करतो, आपल्या ज्ञानेश्वर पखवाजवाल्यासारखी. मी मांडीवर ताल धरून त्याला जागेवर आणत होतो. (सूनबाई, मी टाळ्याही वाजवल्या. उभा राहून. हे अजिबात वाचू नकोस.)

नंतर प्रार्थना. आपण देवाशी बोलतो ते ठरलेल्या शब्दांत, ही पोरं फोनवर मामाशी बोलावं तशी बोलतात. एकानं फिजिक्सचं जर्नल पूर्ण झालं म्हणून आभार मानले. एक पोरगी सगळ्यांसमोर म्हणाली, की या आठवड्यात आईशी खोटं बोलले. तीस वर्षांत माझ्या गाडीत एका माणसानं आपणहून कबूल केलं नाही की तिकीट काढलं नाही, आणि इथं ही चिमुरडी न विचारता सांगते! योहाननं मध्ये उपदेशही केला. त्यातलं सगळं मला पटलं नाही, आणि आपला देव बदलायचा माझा काही विचार नाही, हे तू सावळेरामलाही कळव. पण कोणी कोणाला ओढत नव्हतं. घरच्यांची सही असल्याशिवाय पोराला आत घेत नाहीत, कागदांची फाईल मी स्वतः चाळली.

आणि आता ती गोष्ट, जी तुला सावळेरामकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेली बरी. शेवटी योहाननं सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. गिटार हळू झाली. तो म्हणाला, ज्यांच्या मनात आज काही ठरलं असेल त्यांनी हात वर करा. मी डोळे मिटून वाट पाहतोय, कोणी नाव पुकारेना. त्यानं पुन्हा विचारलं. आक्का, तू मला ओळखतेस. आपल्या सप्ताहात कीर्तन संपल्यावर पुढची पंगत कोण घेतंय असं विचारतात, आणि हात वर होत नाही तेव्हा मला गावाची लाज वाटते. कार्यक्रमाच्या शेवटी हात वर करायला सांगतात ते पंगतीसाठीच, दुसरं कारण माझ्या साठ वर्षांच्या अनुभवात आलेलं नाही. मी हात तर वर केलाच, उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात पुकारलं, “पुढच्या शनिवारची पंगत, निमगाव सावाचे भिमाजी कंडक्टर यांच्याकडून! मासवडी आणि रस्सा!”

गिटार थांबली. योहान माझ्याजवळ आला. तो समजावून सांगू लागला की आजोबा, हे जरा वेगळं होतं, तुम्ही त्रास घेऊ नका. पण तोवर मासवडीचं नाव पोरांच्या कानात गेलं होतं. खोकंवाला उभा राहून “घेऊ द्या की दादा, घेऊ द्या!” म्हणाला आणि सगळा हॉल हसायला लागला. त्यात एक हसणं मला ओळखू आलं. आपली अक्षदा, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

आक्का, ही पोरगी जूनमध्ये चाकणहून आमच्याकडे आली. आईबाप दोघांच्याही शिफ्ट, म्हणून अकरावीला आमच्याकडे ठेवली. आल्यापासून महिनाभर ती जेवायची, मोबाईल बघायची आणि झोपायची. साळुबाई रोज विचारायची, “काय झालंय गं?” आणि ती म्हणायची, काही नाही. तिची मैत्रीण श्रेया तिला तिथं घेऊन गेली तेव्हापासून ती घरी येऊन बोलते, पण असं हसताना मी तिला काल पहिल्यांदा ऐकलं. मला फार बरं वाटलं. हाताला धरून आणायचं ठरवून गेलो होतो, हाताला धरूनच आणलं, पण एसटीत सगळा रस्ता तीच मला हसत होती. संध्याकाळी ती माझ्याबरोबर भजनालाही आली. तिथं तिनं सगळ्या म्हाताऱ्यांना आवडतं फळ विचारलं. सावळेराम लाजून “सीताफळ” म्हणाला.

तेव्हा तपासणीचा निकाल असा, की पोरीला थांबवू नये. तू मोठी आहेस, तुझा शब्द तिचा बापही मोडत नाही, म्हणून तुला विचारतो. घरच्या सर्वांना यथायोग्य सांग, आणि गुडघ्याला पट्टा बांध.

तुझा,
भिमाजी

ता. क. सत्तेचाळीस पोरं, योहान, त्याची बायको आणि आपण, अशी साठेक ताटं धर. साळुबाईच्या मासवड्या रश्शात सुटतात. ओल्या फडक्यावर बेसन थापून न फाटता वळणारी बाई अख्ख्या जुन्नर-आंबेगावात एकच आहे आणि ती गोठ्यात बसून आहे. शुक्रवारी ये. मोठी कढई आण. (साळुबाईच हे पाकीट टेम्पोवाल्याला देणार आहे. मी ते दोनदा चिकटवलं आहे.)

ता. क. दुसरा. फाईलमध्ये अक्षदाच्या कागदावर सही कोणाची होती ते तू विचारशील. माझी. जुलैत तिनं कागद पुढं केला, मला वाटलं सहलीचा आहे. चष्मा न लावता सह्या करायची खोड आपल्या घराण्यातच आहे, हे लक्षात घेऊन रागाव.

ता. क. तिसरा. पहिल्यांदा हात वर केला तो चुकून. पण निघताना योहाननं विचारलं, “आजोबा, तुमच्यासाठी काही मागायचं का?” तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो. म्हटलं, आमची आक्का रुसलीय. त्यानं नाव विचारलं. मग त्या सत्तेचाळीस पोरांनी माझ्याभोवती गर्दी केली, खांद्यावर हात ठेवले, त्यात अक्षदाचाही होता, आणि आमच्या ठकूआजीला भावाच्या घरी येऊ दे, असं त्यांनी मोठ्यानं मागितलं. ती तुला ओळखत नाहीत, म्हणून त्यांना ते सोपं वाटलं. मी ओळखतो, म्हणून मी त्यांना आणखी एकदा मागायला लावलं.

(वैष्णवी, हा कंस मात्र मोठ्यानं वाच. आक्का, भाऊबीजेला मांडलेला पाट मी अजून उचललेला नाही. साळुबाई रोज त्याच्या कडेकडेनं झाडते.)