रीडिंगची दहा मिनिटं

१९ जुलै

छत्तीस! चाळीसपैकी छत्तीस! पहिल्याच फटक्यात!

मी ही इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली, सात महिने झिजले, तरी घरच्या सरावात तेवीसच्या वर गेले नाही. आणि ही माझी भावजय गॅसवर वरण ठेवून, मला सोबत म्हणून पेपर सोडवायला बसली— छत्तीस! वर म्हणते कशी, "ताई, एक तं मी अंदाजेच मारलं होतं."

सुगत मोबाइलवर वेळ लावून बसला होता. त्यानं बायकोची उत्तरं दोनदा तपासली. मग काय, गडी हवेत! "हिलेबी बसवू ना परीक्षेले. दोघीबी नर्स, दोघीबी जा इंग्लंडले." आई लगेच, "हो, बसव बसव." माझ्या कुठल्याही गोष्टीला आई इतक्या पटकन हो म्हणाली नाही कधी.

मी हसले. गाल दुखेपर्यंत हसले.

२० जुलै

जळफळाट होतोय माझा. इथं लिहायला काय जातं? ही वही कुणी वाचत नाही.

ज्योत्स्नाला मीच आणली या घरात. अकोटची पोरगी, आमच्या वॉर्डात माझ्या हाताखाली नवीन लागली होती. सलाइन लावताना हात थरथरायचा तिचा. मीच शिकवलं. मीच सुगतला म्हटलं, पोरगी चांगली आहे, बघ. धाकट्या भावाचं लग्न आधी झालं, मी एकतिसाव्या वर्षी तशीच— त्याचं मला काही वाटलं नाही. खरंच नाही वाटलं. पण इंग्लंड माझं होतं! नऊ वर्षं आयसीयूत काढली ती त्याच आशेवर. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

रीडिंगमध्ये सात बँड पाहिजेत, म्हणजे चाळीसपैकी तीस तरी बरोबर. बाकी सगळं जमतं मला. रीडिंगला पहिल्या वेळी पाच आले, दुसऱ्या वेळी सहा. तीन उतारे, एक तास, आणि तिसरा उतारा दोन्ही वेळा अर्धा राहिला.

२१ जुलै, आषाढी पौर्णिमा

वर्षावास सुरू झाला. आजपासून तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. सहावीपासून ते वाचन माझं आहे. विहारातल्या म्हाताऱ्या पार्बताबाई समोर बसतात, स्वतःला अक्षर येत नाही, पण सगळं ऐकून ऐकून पाठ आहे. नेहमी म्हणतात, "नीलमचं एक अक्षर सुटत नाई."

आज महिला मंडळानं परस्पर ठरवलं— नीलमचा अभ्यास आहे, यंदा सुनेला वाचू द्या. हो म्हणावं लागलं. सुनेचीही तीच परीक्षा आहे, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिला अभ्यास लागतच नाही ना!

ज्योत्स्ना भरभर वाचते. मध्ये एक आख्खी ओळ गाळली तिनं! कुणाच्या लक्षात आलं नाही. पार्बताबाईंनी फक्त मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२६ जुलै

आज तिनं मला सुनावलं. सुनावलं नाही, गोड बोलून सांगितलं, पण ते जास्त लागतं.

"ताई, वाचतानी तुमचे ओठ हालतेत. तुमी विहारात वाचता ना, तसंच हे वाचता. इथं कोन ऐकून राह्यलं?"

मग म्हणे, "आमच्या इकडं कापूस वेचाले गेलं की कोनी झाड नाई पाहात. पाला सोडाचा, पांढरं पाहाचं. तसंच कराचं." आधी प्रश्न वाचायचे. त्यातलं नाव, साल, आकडा— ते पांढरं. तेवढंच शोधत उताऱ्यावरून नजर फिरवायची. बाकी पाला.

मी म्हटलं, "हे सगळं पुस्तकात दिलेलं आहे." पुस्तकात असं काही नाही. असतं तर सात महिन्यांत मला दिसलं नसतं?

३० जुलै

ड्युटीवर जेवणाच्या सुट्टीत, नर्सेस रूममध्ये, तिच्या पद्धतीनं एक पेपर सोडवला. ओठांवर बोट ठेवून. मधमाश्यांचा उतारा होता. शब्द सोडून पुढे जाताना आधी चोरी केल्यासारखं वाटत होतं.

अठ्ठावीस आले. तिला सांगितलं नाही.

८ ऑगस्ट

तीस! लपवता आलं नाही, सुगतनंच तपासलं. तर आई काय म्हणाली असेल? "ज्योत्स्नानं शिकवलं म्हणून झालं." झालं! सात महिने मी काय पाट्या टाकत होते?

आणि ती भाकरी थापता थापता म्हणते, "नाई हो आई, ताईचीच मेहनत आहे." तिचा चांगुलपणाच सहन होत नाही मला. वाईट वागली असती तर भांडता तरी आलं असतं.

१७ ऑगस्ट

एजन्सीच्या बाईंचा फोन आला. नर्सा पाठवतात त्या तिकडे. या खेपेला एकच जागा उरलीय, सप्टेंबरअखेरपर्यंत धरून ठेवणार. "तुम्ही एका घरातल्या दोघी ना? जिचा निकाल वर, तिची फाइल आधी पाठवते." मग ज्योत्स्नाला फोन द्या म्हणाल्या. पाऊण तास बोलत होत्या तिच्याशी! हसणं काय, खिदळणं काय. माझ्याशी चार मिनिटं बोलल्या.

आयत्या बिळावर नागोबा. हो, लिहिलं. खोडणार नाही.

१८ ऑगस्ट

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी दोघी स्वयंपाकघरात होतो. मी मिरच्या खुडत होते. ज्योत्स्नानं विचारलं, "ताई, लिसनिंगले शेवटी दहा मिन्टं भेटतेत ना, उत्तरं उतरवाले? तसे रीडिंगलेबी भेटतेत ना?"

नाही मिळत. लिसनिंगची उत्तरं आधी पुस्तिकेत लिहायची, मग दहा मिनिटांत उत्तरपत्रिकेवर उतरवायची. रीडिंगला तसं काही नाही. तासाभरातच सरळ उत्तरपत्रिकेवर लिहावं लागतं, तास संपला की संपलं. मला हे चांगलं माहीत आहे. पहिल्या वेळी याच चुकीनं माझी सहा उत्तरं गेली, पाच बँड त्यामुळेच आले. लाज वाटली म्हणून घरात कधी सांगितलं नाही. घरी आम्ही उत्तरं वहीतच लिहितो, त्यामुळे तिला कळायला मार्ग नाही.

मी म्हटलं, "हं."

मिरचीवरून नजर न काढता— हं. ती म्हणाली, "बरं झालं बापा, मंग तं टेन्शनच नाई." आणि कपडे वाळत घालायला गेली.

१९ ऑगस्ट

पेपरच्या पहिल्या पानावर छापलेलं असतं. हॉलमध्येही सांगतात. वाचणाऱ्याला कळेलच. मी "हो" थोडीच म्हटलं?

१ सप्टेंबर

सांगून टाकणार होते आज. पण जेवताना सुगत म्हणाला, "ताई, समजा हिचाच नंबर लागला तं तू नाराज नोको होऊ बरं." समजा म्हणे!

नाही सांगितलं.

१३ सप्टेंबर

नागपूरला मावशीकडे आलो, उद्या पेपर. मला एसटी लागते म्हणून ज्योत्स्नानं माझ्यासाठी लिंबू घेतलं होतं, रुमालात गुंडाळून. तळेगावच्या पुढे माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. जड लागत होतं. हलवलं नाही मी.

एवढी जळते मी हिच्यावर, आणि ही खुशाल झोपते! उद्या सकाळी सांगते. नक्की. पहिली ओळ हीच बोलायची— ज्योत्स्ना, रीडिंगला जास्तीची वेळ नसते. सोपं आहे.

१४ सप्टेंबर

पेपर झाला.

सकाळी आईचा फोन आला. आधी ज्योत्स्नाशी बोलली. स्पीकरवर होतं. "नाव काढजो वं माय." मग मला म्हणाली, "तू जमन तेवढं कर." जमेल तेवढं! पोटच्या पोरीला! त्यानंतर ते पहिलं वाक्य तोंडाबाहेर आलंच नाही. रिक्षात आलं नाही, रांगेत आलं नाही.

हॉलमध्ये ती माझ्या दोन रांगा पुढे होती. सूचना वाचून दाखवल्या, पण त्या वेळी ती पेन्सिलीला टोक करत होती. पहिलं पान तिनं वाचलंच नाही. सूचना म्हणजे पालाच ना तिच्या मते. पुस्तिका उघडली आणि सुटली. मी मात्र पहिलं पान अक्षरन् अक्षर वाचलं.

पहिला उतारा काचेच्या कारखान्याचा होता. ओठ मिटून धरले, पांढरं पाहत गेले, उत्तर आलं की लगेच उत्तरपत्रिकेवर. तिसऱ्या उताऱ्याला पोचले तेव्हा बावीस मिनिटं हातात होती! आयुष्यात पहिल्यांदा! छत्तीस प्रश्न झाले, दहाएक मिनिटं उरली, तेव्हा वर पाहिलं. ज्योत्स्नाचं झालं होतं. पेन्सिल खाली, हाताची घडी. निवांत बसली होती— दहा मिनिटांची वाट बघत. बाजूला तिची उत्तरपत्रिका. इतक्या लांबूनही कोरी दिसत होती.

जवळजवळ दहा मिनिटं ती तशीच बसली होती. तेवढ्यात सगळं उतरवून झालं असतं! मला ओरडावंसं वाटलं. हॉलमध्ये बोलता येत नाही, हे खरं. पण मी खोकलेसुद्धा नाही. मान खाली घालून सदतिसावा प्रश्न सोडवला.

वेळ संपली म्हणाले तेव्हा तिनं घाईघाईनं पेन्सिल उचलली. चार-पाच उत्तरं लिहिली असतील. मॅडमनी कागद ओढून घेतला.

बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, दहा मिन्टं नाई देल्ले."

मी म्हटलं, "या वेळी बदललं असेल."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

१५ सप्टेंबर

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. लिंबू मी स्टँडवर स्वतःच घेतलं.

२२ सप्टेंबर

विहारात वाचन तीच करते आहे. आता सावकाश वाचते, ओळ सुटत नाही. घरात सगळ्यांशी पहिल्यासारखीच वागते. माझ्याशीही. मला चहा देते, साखर कमी. ती वाईट वागली असती तर भांडता आलं असतं, असं पूर्वी लिहिलं होतं. आता तिनं भांडू नये म्हणून जीव टांगणीला लागलाय.

आज वॉर्डात औषध देताना दोनदा केसपेपर वाचला, तरी काय वाचलं ते कळेना.

२७ सप्टेंबर

निकाल. मला रीडिंगमध्ये सात! तिला अडीच.

सुगतला वाटलं साइटच चुकली. तीनदा उघडली त्यानं. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पेढे आणले, एजन्सीच्या बाईंनी फाइल पाठवते म्हणून सांगितलं. आनंद झाला का? झाला. खोटं कशाला लिहू! पेढा तोंडात होता तोवर तर फार झाला.

मग सुगतनं विचारलं, "अडीच कसे आले बावा? छत्तीस काढणारी पोट्टी!" ज्योत्स्नानं सगळं सांगितलं— उत्तरं पुस्तिकेतच राहिली, दहा मिनिटं मिळतील असं वाटलं होतं. आई म्हणाली, "नीलमनं सांगतलं नाई काय तुले? तिनं तं दोनदा देल्ली परीक्षा!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात पेढ्यांचा डबा. आता सांगते, आता सांगते असं म्हणेपर्यंत ज्योत्स्नाच बोलली.

"सांगतलं होतं ताईनं. माह्याच ध्यानात नाई राह्यलं."

२८ सप्टेंबर

सकाळी गच्चीवर तिला गाठलं. म्हटलं, "काल खोटं काहून बोलली?"

ती चादर झटकत होती. झटकून झाली, दोरीवर टाकली, चिमटे लावले. मग म्हणाली, "मले राहाचं आहे ना ताई या घरात. तुमी तं चालल्या."