वहिनींनी न बिघडवलेले पंखे

ती. वहिनींना धाकट्या दिराचा वाकून नमस्कार (पाठ जितकं वाकू देते तितकंच वाकून). इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमच्या गुडघ्याचं आणि दादाच्या डोळ्यांचं कसं आहे ते कळवावं. पत्र पाहून नवल वाटेल, कारण आपल्या दोन घरांत बसने पाऊण तासाचं अंतर आणि प्रत्येकाच्या हाताशी फोन. पण गेले नऊ आठवडे मी फोन केला की तुम्ही उचलत नाही, आणि दादाने उचलला तर तो सांगतो की ती बागेत आहे. वहिनी, तुमच्या घराला बाग नाही. खिडकीत दोन कुंड्या आहेत आणि त्यांतल्या एकीत फक्त माती आहे. तेव्हा म्हटलं, लिहावं. पत्राला कुणी 'ती बागेत आहे' असं सांगू शकत नाही.

पत्राचा विषय गाडी आहे. (फक्त गाडीच. दुसरं काही मनात आणू नये.) आमची अख्खी ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक गाडी, एक पाटी आणि मी, हे तुम्ही जाणताच. गाडीला यंदा सोळा वर्षं झाली. शिकाऊ गाडीचा जन्म वाईट. इतर गाड्या रस्त्याने पळतात, समोरून वारा लागतो, इंजिन गार राहतं. आमची दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते, तिला वारा कुठला लागायला. तिची सगळी भिस्त रेडिएटरमागच्या दोन विजेच्या पंख्यांवर. इंजिन तापलं की त्यांनी आपणहून फिरायचं आणि गार झालं की थांबायचं, एवढीच त्यांची नोकरी. त्यांनी ती केली नाही म्हणजे काय होतं ते तुम्ही पाहिलं आहे. धान्यबाजाराचा चौक, शनिवारची सकाळ, तुमचा अकरावा धडा. समोर हातगाडी आडवी आली, मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबून प्रसंग निभावला, गाडी बंद पडली आणि बॉनेटमधून वाफ निघू लागली. मागे एक ट्रक आणि दोन टेम्पो हॉर्न वाजवत होते. भोवती माणसं जमली. आणि मी, सव्वीस वर्षं शांत स्वभावासाठी प्रसिद्ध असलेला माणूस (पाटीवर तसं लिहिलंच आहे), सर्वांदेखत म्हणालो, "वहिनी, काही माणसं मागच्या सीटसाठीच जन्माला येतात." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तुम्ही किल्ली काढून डॅशबोर्डवर ठेवलीत, पर्स उचललीत आणि बसस्टॉपकडे चालू लागलात. मला वाटलं, रागाच्या भरात आहेत, कोपऱ्यावरून वळतील. तेवढ्यात बस आली.

पुढे मी काय केलं ते तुमच्या कानावर गेलंच असेल, कारण मी ते कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. अक्काकडे सगळे जेवायला जमलो तेव्हा मी सांगितलं की वहिनींनी तासभर क्लच अर्धा दाबून ठेवला आणि माझी चांगली गाडी जाळली. शिवाय मी वेळेवर ब्रेक मारला म्हणून तो हातगाडीवाला आज दोन पायांवर चालतो आहे. क्लच कसा दाबला होता ते मी ताटाशेजारच्या पाटावर पाय ठेवून करूनही दाखवलं. मंडळी हसली. दादा खाली मान घालून ताटात बघत राहिला. त्याला हल्ली ताटातलं नीट दिसत नाही, त्यापायीच त्याने गाडी सोडली आणि त्यापायीच तुम्ही छप्पन्नाव्या वर्षी शिकायला आलात, हे मला ठाऊक होतं. तरी मी दोनदा करून दाखवलं. आता तुम्ही दोघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे शेजाऱ्यांच्या सवडीने जाता आणि मागच्या खेपेला त्यांना सवड झाली नाही म्हणून तपासणी चुकली, असं तुमच्या धाकट्या जावेने मला सांगितलं. सांगताना तिने माझ्यासमोरचा चहा उचलून नेला.

असो. गाडीवर येतो. मी आधी ती आपल्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. त्याला सगळे 'होईल-होईल' म्हणतात, कारण तो दुसरं काही बोलत नाही. त्याने अंगणात इंजिन चालू ठेवलं, काटा वर चढला, आणि दोन्ही पंखे शहाण्या मुलांसारखे फिरू लागले. पुन्हा केलं, पुन्हा फिरले. तरी रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून त्याने तापमानाचा सेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे शिकणाऱ्या दाताच्या डॉक्टरीणबाई चालवत असताना पुन्हा वाफ. मग त्याने रिले बदलला (पंख्यांना वीज सोडणारी काडेपेटीएवढी डबी असते ती). तीन दिवस सुखाचे गेले, चौथ्या दिवशी वाफ. मग पंख्याची एक मोटर बदलली. जी बदलली नाही ती आणि जी बदलली ती, दोन्ही एकदमच बंद पडू लागल्या, तेवढाच काय तो फरक. मोठ्या सर्व्हिस सेंटरमधल्या टाय लावलेल्या गृहस्थांनी लॅपटॉप जोडला आणि पडदा माझ्याकडे वळवून सांगितलं की गाडीचं म्हणणं आहे, तिला काहीही झालेलं नाही. मी म्हटलं, गाडीचं राहू द्या, माझं म्हणणं ऐका. त्याला जोडायला त्यांच्याकडे वायर नव्हती. शेवटी होईल-होईलने सगळी यंत्रणा बाजूला सारून पंखे थेट बॅटरीला जोडले आणि डॅशबोर्डवर एक बटण दिलं, घरात दिव्याला असतं तसं. ते बटण पोस्टातल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी वायपरचं समजून बंद केलं आणि पाऊस नसताना वायपर लागत नाही म्हणून समाधानाने पुढे निघाले. वाफ. मी ते बटण काढायला लावलं.

या सगळ्यात माझा सिद्धांत मात्र पक्का होत चालला होता. पंखे बंद पडत ते फक्त कच्च्या विद्यार्थ्यांच्या हातात. औषधांच्या दुकानातली मुलगी सफाईने चालवते, तिच्या तासाला एकदाही नाही. मी एकटा चालवतो तेव्हा नाही. मेकॅनिक चालवतो तेव्हा नाही. म्हणजे वाईट चालवण्याने पंखे बिघडतात हे सिद्ध झालं, आणि सुरुवात तुमच्यापासून झाली हे तर झालंच होतं. हा सिद्धांत मी वाइंडिंगवाल्या ताईंनाही ऐकवला. (या बाई गिरणीमागच्या गल्लीत मोटरी भरून देतात, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळतात. आता गाड्यांचं इलेक्ट्रिकचं कामही करतात. बोलणं कमी, चष्मा दोऱ्याने बांधलेला.) त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि बॉनेट उघडलंसुद्धा नाही. विचारलं, पंखे बंद पडतात तेव्हा कोण कुठे बसलेलं असतं? मी म्हटलं, विद्यार्थी स्टिअरिंगवर, मी शेजारी. त्या म्हणाल्या, आणि पडत नाहीत तेव्हा? हा काय प्रश्न झाला, असं मला वाटलं. मोठ्या शहरात न शिकलेली माणसं असे प्रश्न विचारतात, असंही वाटलं. हे इथे लिहितो, कारण वाटलं ते वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंख्यांच्या वायरीला एक छोटा दिवा जोडला आणि लांब वायर खिडकीतून आत घेऊन तो डॅशबोर्डवर चिकटवला. पंख्यांना वीज मिळते तोवर दिवा पेटलेला राहणार. मग सगळ्यांत कच्चा विद्यार्थी मागितला. पोस्टातले साहेब रजा टाकून आले (आपण सगळ्यांत कच्चे म्हणून निवडले गेलो हे त्यांना सांगितलेलं नाही, तुम्हीही कुठे बोलू नका). ते स्टिअरिंगवर, मी शेजारी, ताई मागे. इंजिन तापलं, दिवा लागला. बाजारात शिरलो, एक सायकल जवळून गेली आणि दिवा विझला. पुढच्या खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा पुन्हा लागला. मुलांची रांग रस्ता ओलांडत होती, विझला. पाण्याच्या टाकीपाशी एक ट्रक समोरून आला, विझला तो लागायलाच तयार नाही. मी वळून म्हटलं, पाहिलंत, यांचं चालवणं असं आहे. ताईंनी गाडी थांबवायला सांगितली आणि आम्हा दोघांच्या जागा बदलल्या. त्या पुढे, पाय सीटजवळ घेऊन. मी मागे. तोच बाजार, तेच साहेब, त्याच चुका, वर एक कोंबडी जादा. दिवा घरी येईपर्यंत विझला नाही. मी मात्र मागे बसून घामाघूम झालो होतो आणि पुढच्या सीटला दोन्ही गुडघे लावून बसलो होतो.

उतरल्यावर ताई म्हणाल्या, "शिकणाऱ्यांमुळे पंखे बंद पडत नाहीत, भाऊ. शिकवणाऱ्यामुळे पडतात."

मग त्यांनी माझ्या बाजूचं पायाखालचं जाजम उचललं. ब्रेकचं पेडल उजव्या पायासाठी. डाव्या पायासाठी तिथे काहीच नाही, नुसता पत्रा. पण भीती वाटली की मी ब्रेक दाबताना डावा पायही सगळा जोर लावून त्या पत्र्यावर रोवतो, सोळा वर्षं, रोज, एकाच जागी. जाजमावर माझ्या बुटाचा ठसा उठला आहे. त्याच्या बरोबर खालून पंख्यांची वायर जाते. वरून प्लास्टिक धड, आतली तार तुटलेली. पाय रोवला की टोकं लांब होणार आणि पंखे बंद. खड्डा लागला की टोकं भेटणार आणि चालू. चांगल्या विद्यार्थ्याशेजारी मी पाय रोवत नाही, एकटा असलो की माझ्या जागेवर कुणी नसतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा मी पायाखालच्या वायरीसाठी बॉनेटभोवती सात आठवडे प्रदक्षिणा घातल्या. ताईंनी तार जोडली, वायर बाजूने वळवून घेतली. काम पंधरा मिनिटांचं. जाताना सांगितलं की मागे बसून त्यांनी मोजलं होतं: जाताना मी अडतीस वेळा पाय रोवला, त्यांतल्या तीन वेळा गरज होती.

असा गाडीचा वृत्तांत आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गेली, एवढं मान्य. उत्तराची मुळीच घाई नाही, सवडीने लिहावं. दादाला नमस्कार.

आपला
धाकटा दीर

ता. क. उत्तराची घाई आहे. तुमच्या शिकाऊ परवान्याची मुदत संपायला सतरा दिवस उरले आहेत (पक्क्या परवान्याचा अर्ज माझ्या फायलीत आहे, तुम्ही तो परत मागितला नाहीत, त्याला मी शुभशकुन मानतो). परीक्षेची तारीख मी तुमच्या वतीने घेऊन टाकली आहे, येत्या गुरुवारनंतरचा गुरुवार, सकाळी साडेनऊ. न विचारता घेतली याबद्दल जे बोलायचं असेल ते चौकात येऊन, सर्वांदेखत बोलावं. त्याआधी चार धडे पुरतील. शेजारी मी एक पाय मांडी घालून बसेन. हे मी पोस्टातल्या साहेबांबरोबर करून पाहिलं आहे. भीती जात नाही, पण पाय आपटल्याचा आवाज येत नाही.

ता. क. २. अक्काला, भाच्यांना आणि त्या दिवशी जेवायला असलेल्या सगळ्यांना मी फोन करून खरं सांगितलं आहे. तुमची जाऊ शेजारी बसून ऐकत होती आणि जिथे मी थोडक्यात आटपत होतो तिथे पुन्हा सांगायला लावत होती.

ता. क. ३. पत्र फक्त गाडीचं आहे असं वर लिहिलं, ते खरं नाही. गाडी दुरुस्त होऊन बारा दिवस झाले, आणि तेवढं कळवायला चार ओळी पुरल्या असत्या. एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही, ताईंनाही नाही. आपल्या गाडीतले दोन्ही ब्रेक खालून एका दांड्याने जोडलेले आहेत. तुम्ही तुमचा दाबला की माझंही पेडल खाली जातं. त्या शनिवारी हातगाडी आडवी आली आणि मी पाय टाकला, तेव्हा पेडल तळाला गेलेलं होतं. हातगाडी अजून चार हात लांब होती. तुम्ही आधीच थांबला होतात, वहिनी. ते मला पायाला तिथल्या तिथे कळलं होतं, आणि मग मी तोंड उघडलं.