तोंडाला लावलेला धोटा

शनिवार, ६ सप्टेंबर

करमतं की. न करमायला काय झालं? हॉलंडात, बेस्ट नावाच्या गावी मुलाचं घर आहे, दोन वेळ गरम जेवण आहे, सून हिमानी भांडत नाही. तरी अंबरीशला वाटतं, बाबा खिडकीत बसून कुजणार. म्हणून त्यानं मला म्युझियमला जुंपलं. जुनी लोकरीची गिरणी, आता कामगारांचं म्युझियम. आत पाऊल टाकलं आणि तेलाचा वास आला, थेट इचलकरंजीचा. जीव खूश झाला. लोकांना माग चालवून दाखवायला माणूस हवा होता. मी जन्मभर तेच केलं.

तिथल्या मुख्य मारलूसबाई. म्हणाल्या, रोज चार ओळी आपल्या भाषेत लिहा, पुढच्या प्रदर्शनात लावू. चौथीत शाळा सोडली म्हटलं. म्हणाल्या, तेच तर हवंय. दुभाषी आमची चित्रा, नात, नऊ वर्षांची. तिला माझं मराठी कळतं, उत्तर मात्र बहुतेक डचमध्ये. बाईंना बरं पडतं, माझ्या वाट्याला हातवारे.

शनिवार, १३ सप्टेंबर

आज कांडी संपली, मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली सुताची. नवी घातली की सूत धोट्याच्या भोकातून बाहेर ओढावं लागतं. त्यासाठी बाईंनी वाकडी तार दिलेली. कशाला ती नाटकं? आम्ही धोटा तोंडाला लावून एक झुरका मारायचो, सूत बाहेर. तसंच केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाई किंचाळल्या. मला भिंतीवरच्या पाटीसमोर नेलं. चित्रानं मोडक्या मराठीत सांगितलं, या गिरणीतही असंच करायचे, एकाचा आजार दुसऱ्याच्या तोंडात, सगळं खातं खोकायचं. हा धोटा त्यांचाच. भोकाची कड ओठांनीच झिजलेली. मी म्हटलं, मी मेलो का? बाई म्हणाल्या, पुन्हा नाही, मेनेर दामोदर. मेनेर म्हणजे इथलं राव.

चव मात्र वेगळी होती. सुताची नाही. आणि कड कोमट. कुणी आत्ताच तोंडातून काढून ठेवल्यासारखी.

मंगळवार, १६ सप्टेंबर

घशात काहीतरी अडकलंय. डॉक्टरनं आत बघितलं, काही नाही म्हणाला. पॅरासिटामॉल, पाणी. हिमानी म्हणते, बाबा, इथं मुंडकं तुटलं तरी पॅरासिटामॉलच.

गुरुवार, १८ सप्टेंबर

चूळ भरताना जिभेवर टोक लागलं. ओढलं. करडी लोकर. आमच्या मागावर तर पांढरं सूत असतं. हातभर निघाली, मग पोटातून ओढ लागली. कुणी दुसऱ्या टोकाला धरल्यासारखी. कात्रीनं कापून टाकली. कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

परत आलं. तोंड मिटलं की छातीत माग चालतो — खटाखट, खटाखट. माझा ठोका नाही तो. जुना आहे. सावकाश.

शनिवार, २० सप्टेंबर

आज शाळेची पोरं आली होती. माग दाखवला, कॉफीला गेलो, आणि एकदम घसा मोकळा. कुणी हात घालून काढून घेतल्यासारखा. दोन तळलेली क्रोकेट खाल्ली. बसमध्ये गाणं म्हटलं. चित्रा सारखी खाकरत होती, मी विचारलंही नाही.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत — चित्रा खोकते. ओठावर करडं टोक. ती म्हणाली, पहिल्यांदाच अख्खं मराठी वाक्य — आजोबा, मी पण तुमच्यासारखं केलं. मी कॉफीला गेलो तेव्हा. पोरांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

म्हणजे ते गेलं नव्हतं. शेवटचं तोंड धरतं ते.

रविवार, २१ सप्टेंबर

पहिली बस. दार उघडल्याबरोबर आत. धोटा काढला, बाई बघत असताना तोंडाला लावला, झुरका मारला. आलं. सगळं आलं — संपेचना, कोमट, लांब — बाई दंड धरून ओढत होत्या, सोडला नाही. घरी फोन केला. पोरीचा खोकला थांबलाय, पॅनकेक मागतेय.

धोटा सदऱ्यात घालून आणला.

सोमवार

बाईंचे फोन. बुधवारी दुसरी शाळा. चित्राला टाळ्या मिळाल्या, ते पोरांच्यात पसरलंय. प्रत्येकाला करून बघायचंय. अंबरीश समजावतो, बाबा, ही चोरी झाली, देऊन टाका. जाळावा म्हटलं — पण धूर कुणाच्या नाकात जाईल? फोडावा — आणि ते परत पोरीकडे गेलं तर?

मंगळवार

बोललो की टोक ओठावर येतं. आज चित्रानं बघितलं. हात पुढे केला, ओढायला. हाताला फटका मारला मी. रडली. रडू दे.

आता तोंड उघडायचं नाही.

बुधवार

जेवण नाही. पाणी थोडं. खटाखट — रात्रंदिवस — आता घाईनं.

अंबरीश पाया पडला, कुठं ठेवलाय एवढंच लिहून द्या. बाई पण आल्या. रडवेल्या. म्हणाल्या, शंभर वर्षांची वस्तू आहे. असू दे.

कुणाचा ओठ पोचणार नाही तिथं ठेवलाय. मी गेल्यावरही नाही. हे लिहिलेलं प्रदर्शनात लावू नका. शोधू नका. पोरीला विचारू नका, तिला ठाऊक नाही.

कुठं आहे? नाही सांगत. यापुढं एक अक्षर नाही, तोंडानं नाही, हातानंही ना—