घोडेवाल्या रतनबाईची निरवानिरव

मी, रतनबाई भिमाजी जांभुळकर, वय बहात्तर, राहणार कुरवंडे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, माझ्यामागे चीजवस्तूंवरून कोणी भांडू नये म्हणून हे मृत्युपत्र राजीखुशीने करते. कोणाचा दाब नाही. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत, असे वकीलबाई आरती यांनी सांगितले. मी बोलले, त्यांनी लिहिले.

१. कुरवंड्याचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. लोणावळ्यात पर्यटकांना घोड्यावर फिरवून मी ते बांधले. ते माझे पती भिमाजी यांना देते. दीर सोपान म्हणतात, "भिमाला घर कशाला? त्यो चुलीपुढंच असतो." चूल घरातच आहे, म्हणून घर त्यांचेच.

२. ओटीवर एका इंग्रजी नटाची तसबीर आहे, तिचा खुलासा करते. लग्नाआधी मी भावाबरोबर लोणावळ्याच्या थिएटरात घोड्यांचा इंग्रजी पिक्चर पाहिला. त्यातला हा नट. डोळे बारीक करून बघायचा, दोन शब्दांत बोलायचा, गोळी लागली तरी "आई गं" म्हणायचा नाही. त्याचे नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. घरी येऊन वडिलांना म्हटले, "आबा, नवरा करीन तर आसा." आबा म्हणाले, "आसा आपल्या आंबी गावात न्हाई," आणि भिमाजींशी लग्न लावून दिले. हे बोलायचे कमी, एवढेच नटाशी जुळले. घोडा दिसला की रस्ता बदलायचे. भाकरी मात्र माझ्यापेक्षा ह्यांची बरी.

मग घोडी मीच घेतली, नटासारखी टोपीही मीच घातली. हे पोरांना न्हाऊ-माखू घालायचे आणि दुपारी माझा डबा आणून घोडीपासून लांब ठेवायचे. मी तसबिरीकडे बघून उसासा टाकायचे. तसबीर मुलगी हर्षदा हिला. नट नको असेल तर काच तरी चांगली आहे. घोडी शेवंता आणि खोगीरही तिलाच. मांड पक्की आहे पोरीची.

३. टोपी. हिची हकीगत सांगितल्याशिवाय ती देता येत नाही. काही वर्षांपूर्वी एका बूटवाल्या पर्यटकाने पिक्चरसारखी टाच मारली. शेवंता उधळली. तो करवंदीच्या जाळीत पडला आणि घोडी उतारावर सुटली. खाली शाळेतली पोरे रस्ता ओलांडत होती. मधे डबा घेऊन येणारे भिमाजी. मी ओरडले, "बाजूला व्हा!" ह्यांनी डबा खाली ठेवला आणि हात पसरून रस्त्यात उभे राहिले. म्हणाले, "ये बाय, ये. कुनी मारलं तुला? आता न्हाई कुनी मारायचं." घोडी हळू झाली, थांबली, ह्यांच्या खांद्याला नाक लावून धापा टाकू लागली. हे तिथेच बसले आणि हुंदके देऊन रडले.

तिथेच कणसे भाजणारे सोपानभावजी हसले, "बघा, गडी मानूस रडतोय!"

हे म्हणाले, "लय भ्यालतो. मग रडू न्हाई?"

आमच्या नटाला कधी भीतीच वाटली नाही, मग त्याने उभे राहण्यात काय मोठे? मी टोपी ह्यांच्या डोक्यावर ठेवली. ती कानांपर्यंत उतरली. ह्यांनी काढून परत दिली, "घोड्याचा वास येतोय." म्हणून टोपी मुलगा सार्थक याला देते.

४. सोपानभावजींना वस्तू काही नाही. त्यांची मंडळी वारली तेव्हा ते गोठ्यात जाऊन रडले आणि डोळ्यांत भुसा गेला म्हणाले. माझ्या वेळी त्यांनी अंगणात, सगळ्यांसमोर रडावे. माझी परवानगी आहे.

५. हे एकटे जेवत नाहीत. माझ्यामागे हर्षदा व सार्थक यांनी आळीपाळीने ह्यांच्या ताटाला ताट लावून बसावे.

हे कलम ऐकून भिमाजी म्हणाले, "आनि मी आधी गेलो तर?"

वकीलबाई तेही लिहायला लागल्या. मी म्हटले, "तसं लिहायचं न्हाई."

तसे लिहिलेले नाही.

वरचे सारे मला वाचून दाखवले, मी ऐकले, मला पटले. खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही करते.

लिहून ठेवणार: रतनबाई भिमाजी जांभुळकर (सही)

साक्षीदार: नवसू वाघमारे (अंगठा)
कोंडाजी ससाणे (सही)

ठिकाण: लोणावळा
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५